डंकाच्या पोटावरची दोन नावं

मित्रांनो, तुमच्या घरच्या बरणीत ती लालभडक कांदा-लसणाची चटणी आहे ना, ती कुटणाऱ्यांच्या घराण्यातला मी. चार मुसळांचा, जुना, लोखंडी डंक. गिरणी दळते आणि डंक कुटतो, एवढं कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. खाली चार उखळं, वर चार मुसळं. मोटर फिरली की मुसळं एकेक करून वर जातात आणि दणादण खाली येतात. त्या दणक्याखाली मिरची, धने, खोबरं, तीळ, लसूण सगळं एक होतं. माझ्याजवळ उभा राहणारा माणूस शिंकतो, खोकतो, डोळे पुसतो. त्यामुळे माझ्यासमोर कोण मनापासून रडलं आणि कोण नुसतं मिरचीनं, हे मला पुष्कळ वर्षं कळतच नव्हतं.

आज मी उद्यमनगरात एका भंगारवाल्याच्या आवारात पडून आहे. माझा जन्मही इथलाच, तीन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यातला. साल चौऱ्याण्णव. अंगाचा हिरवा रंग अजून ओला होता तेव्हा एक जोडपं मला बघायला आलं. राजशेखर शेटे आणि त्याची बायको पवित्रा. लग्नाला दोन वर्षं झालेली. राजशेखरनं माझ्या पायाला एक लाथ घालून बघितली आणि "दणकट हाय" म्हणाला. पवित्रानं मात्र चारही उखळांत हात घालून आतून बोटं फिरवली.

"आतनं खडबडीत हाय," ती मिस्त्रीला म्हणाली. "चटणीत लोखंड उतरंल. परत घासून द्या."

मिस्त्री कुरकुरला, पण घासून दिलं. मला ती बाई त्याच दिवशी आवडली.

मोटर धरून माझी किंमत अठ्ठेचाळीस हजार. त्यांच्या गाठीला होते आठ. उरलेले चाळीस हजार शिवाजी पेठेतल्या एका पतसंस्थेनं दिले. नवरा-बायकोनं दोघांनी सभासद व्हायचं, दोघांनी कागदावर सह्या करायच्या, असा तिथला नियम. पवित्रानं चार ठिकाणी सह्या केल्या आणि येताना पेढे आणले. तारण म्हणून मीच.

मग ज्ञानू पेंटर आला. आमच्याकडे माणसाच्या दारावर नाव नसलं तरी चालतं, पण गाडीवर आणि यंत्रावर नाव हवंच. ज्ञानूनं माझ्या पोटावर पिवळ्या रंगात 'श्री बसवेश्वर प्रसन्न' लिहिलं आणि त्याखाली दोन नावं: 'सौ. पवित्रा – राजशेखर शेटे'. पवित्राचं नाव आधी, कारण ज्ञानूला सौ. काढायला फार आवडायचं. मागे, मोटरच्या बाजूला, बारीक अक्षरात पतसंस्थेची ओळ आली, 'नजरगहाण'. म्हणजे डंक तुम्ही वापरा, पण कर्ज फिटेपर्यंत त्याच्यावर नजर आमची. मागची ओळ भिंतीकडे गेली. ती कुणी परत वाचली नाही.

मित्रांनो, ती पाच वर्षं माझ्या ऐन उमेदीची. शिमगा झाला की शिवाजी पेठेतल्या आमच्या दुकानापुढं बायकांची रांग लागायची. कोडोलीच्या बायका सकाळच्या एसटीनं मिरचीची पोती घेऊन यायच्या आणि दुपारी डबे भरून परत जायच्या. शालूबाई नावाची कामाला असलेली बाई माझ्यापुढं मांडी घालून बसायची आणि लाकडी उलथन्यानं उखळातला माल मुसळाखाली ढकलायची. पवित्रा तराजूवर. तिचा एक कडक नियम होता. एका घरची चटणी कुटून झाली की चारही उखळं कुंच्यानं झाडून, फडक्यानं पुसून काढायची आणि मगच दुसऱ्या घरचा माल टाकायचा.

"वैनी, एवढ्यानं काय हुतंय?" शालूबाई रोज विचारायची.

"पुढच्याच्या डब्यात मागच्याचं तिखट जायला नगो," पवित्रा रोज सांगायची.

ह्या नियमामुळेच आमचं नाव झालं. खंडेनवमीला मला झेंडूच्या माळा पडायच्या, विभूती लागायची. मी फुगून जायचो. लोखंडाला फुगता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं खंडेनवमीला डंक बघितलेला नाही.

त्या दोघांचं का मोडलं, हे मला विचारू नका. ते भांडायचे तेव्हा मी चालू असायचो आणि मी चालू असताना शेजारच्याचंही कुणाला ऐकू येत नाही. बहुतेक म्हणूनच ते तेव्हाच भांडायचे. नव्व्याण्णव साली एका सोमवारी सकाळी दुकान बंद ठेवलं आणि माझ्याचभोवती सतरंजी पसरली. दोन्हीकडच्या नात्यातले शिवानंद आण्णा मध्ये बसले. समाजात त्यांच्या शब्दाला मान होता. कोर्टात दोघांच्या संमतीनं अर्ज जाणारच होता; त्याआधी घरातल्या घरात वाटणी ठरवायची होती.

वीस रुपयांच्या स्टॅम्पवर आण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. त्यात कामाच्या ओळी दोनच. पहिली, डंक राजशेखरचा. दुसरी, डंकावरचं कर्ज राजशेखर फेडील, पवित्राला त्याची तोशीस लागणार नाही. त्या बदल्यात पवित्रानं पोटगी सोडली. तेव्हा कर्जाचे बावीस हजार उरले होते.

"असं नुसतं लिवून न्हाय," आण्णा म्हणाले. "हात ठेवून सांग."

राजशेखरनं बोटभर विभूती माझ्या पोटावर ओढली. एक हात माझ्यावर ठेवला आणि दुसरा गळ्यातल्या इष्टलिंगावर. म्हणाला, "कर्ज माझं. हिच्या दारात कोण न्हाय येणार." त्याचा तळहात गरम होता. मी विश्वास ठेवला. माझ्यासारख्या जड माणसाला पटकन विश्वास ठेवता येतो, उठून जाऊन खात्री करून येता येत नाही.

पवित्रानं शेवटची एकच गोष्ट मागितली. "ह्याच्यावरचं माझं नाव पुसा."

दुसऱ्या दिवशी ज्ञानू आला, त्यानं 'सौ. पवित्रा'वर हिरवा पट्टा ओढला. ती दारात उभी राहून रंग वाळेपर्यंत बघत होती. वाळल्यावर पदर खोचून निघून गेली. सगळ्यांना वाटलं, सुटली. तिलाही तसंच वाटलं. पतसंस्था तिथून दोन गल्ल्यांवर होती. एक चहा पिऊन होईतो तिथं जाऊन येता आलं असतं, बाबांनो, हिचं नाव कर्जातून कमी करा, दुसरा जामीन घ्या, असं सांगता आलं असतं. पण शिवानंद आण्णांच्या शब्दापुढं पतसंस्थेला कोण विचारतो, अशी तेव्हाची समजूत. नाव माझ्या पोटावरून गेलं म्हणजे कर्जातून गेलं, असं बसल्या बैठकीला सगळ्यांनी धरून टाकलं. मीही त्यात होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला राग येतो. राजशेखरनं शालूबाईला काढलं. उखळं झाडणं बंद झालं. गिऱ्हाईक तुटत गेलं. दोन-अडीच वर्षं त्यानं नुसतं व्याज भरलं, मग तेही थांबलं. त्यानं निपाणीला दुसरा संसार मांडला, तिथं नवं कांडपयंत्र घेतलं आणि घरही बांधलं. ते घर दुसऱ्या बायकोच्या नावावर. मी कुलपाआड धूळ खात राहिलो. दोन हजार चार साली वसुलीची माणसं आली, कुलूप तोडलं आणि मला हातगाडीवर घालून पतसंस्थेच्या मागच्या अंगणात नेऊन टाकलं. पन्हळीच्या खाली. लिलावात मला कुणी घेतलं नाही. माझ्यावर हात ठेवून शपथ घेणारा त्या दिवशी फिरकलाही नाही.

दोन पावसाळे ती पन्हळ माझ्या पोटावर गळली. ज्ञानूनं स्वस्तातला रंग मारला असणार. हिरव्या पट्ट्याला पोपडे आले, एकेक करून गळून पडले आणि खालून चौऱ्याण्णव सालचा पिवळा रंग वर आला. 'सौ. पवित्रा'. तेव्हा त्यानं पक्का रंग वापरला होता, म्हणून अक्षरं टिकून राहिली. मी अंगणात एकटा आणि माझ्या पोटावर पुन्हा दोन नावं.

माझ्या डोक्यावरच पतसंस्थेची खिडकी होती आणि खिडकीच्या आत वसुली बघणारे जोतीराम साहेब बसायचे. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

दोन हजार सहाचा चैत्र. एक ओळखीचा आवाज आला. पवित्राचा. ती आता मुरगूडच्या एका शाळेत लिपिक होती. आई शांतादेवींना घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहत होती. मुरगूडातच पिराजी मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, त्यांचं दोन खोल्यांचं घर तिनं ठरवलं होतं. पंधरा हजार विसार दिला होता. त्यासाठी शांतादेवींनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. अक्षय तृतीयेला खरेदीखत. घरकर्ज बँकेनं जवळजवळ मंजूर केलं होतं, फक्त एक कागद बाकी. बँकेतल्या निशा मॅडमनी विचारलं होतं, पूर्वी कुठल्या संस्थेत सभासद होता का. पवित्रानं खरं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तिथला ना-देय दाखला आणा, म्हणजे तुमच्याकडं काही येणं नाही असा.

"तेवढा दाखला द्या साहेब," पवित्रा जोतीराम साहेबांना म्हणाली. "आणि माझा शेअर असंल की जुना, त्याचे शंभर रुपये बी परत घेऊन जातो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, गेलो आणि आलो. तिच्या आवाजात हसू होतं.

साहेबांनी बराच वेळ पानं उलटली.

"दाखला न्हाय देता येणार, ताई. तुम्ही थकबाकीत हाय."

"मी? माझं कुठलं कर्ज?"

"डंकाचं. बावीस हजार मुद्दल. व्याज, दंडव्याज धरून एकसष्ट हजार होत्यात."

मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. घटस्फोटाचा कोर्टाचा निकाल आणि आण्णांचा तो स्टॅम्पपेपर तिनं टेबलावर ठेवला. सात वर्षं जपून ठेवला होता, घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावून.

जोतीराम साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही कागद नीट वाचले. "ताई," ते म्हणाले, "हे तुमचं दोघांचं आपसातलं ठरलेलं हाय. ह्यावर आमच्या संस्थेची सही कुठाय? कर्ज देताना आम्ही दोघांना दिलं. त्यानं न्हाय भरलं तर तुम्ही. निम्मं न्हाय, सगळं. तुमचं लगीन मोडलं म्हणून आमचं कर्ज मोडत न्हाय."

"मला एक कागद तरी पाठवायचा हुतासा."

"पाठवले की. पाच नोटिसा. कर्जाच्या अर्जावर जो पत्ता हाय त्यावर." तो पत्ता राजशेखरच्या घराचा. तिच्या नावाच्या पाचही नोटिसा त्यानं घेतल्या होत्या, पोहोचपावतीवर सही करून. आणि तिला एका शब्दानं कळवलं नव्हतं.

तेव्हा ती उठून खिडकीशी आली. तिला मी दिसलो. पोपडे गेलेलं माझं पोट दिसलं आणि त्यावर तिचं नाव. अंगणात मिरचीचा कण नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माणूस मिरचीवाचून कसा रडतो.

संस्थेनं राजशेखरला बोलावलं. तो आला, नव्या मोटारसायकलवर. शिवानंद आण्णाही आले, काठी टेकत. आण्णांनी त्याला शपथेची आठवण करून दिली. तो ज्या खुर्चीत बसला होता ती माझ्यापासून चार हातांवर होती. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"धंदा बसला, मी काय करू?" तो म्हणाला. "माझ्या नावावर काय बी न्हाय. आणि कागदावर तिची बी सही हाय की. पगार तिला चालू हाय."

"तू डंकावर हात ठेवून बोलला हुतास," आण्णा म्हणाले.

"डंकावर हात ठेवून कर्ज फिटतंय व्हय आण्णा?"

मित्रांनो, मी चालू असतो तर त्या क्षणी काय केलं असतं ते बोलून दाखवत नाही. पण माझी मोटर तेव्हा काढून ठेवली होती.

अक्षय तृतीया गेली. निशा मॅडमनी आठ दिवस फाइल उघडी ठेवली, पण थकबाकीदाराला घरकर्ज द्यायचा बँकेचा नियमच नव्हता. एवढं भरून टाकते म्हणावं तर एकसष्ट हजार एकदम आणायचे कुठून? पिराजी मास्तरांनीही थोडी कळ काढली आणि मग घर दुसऱ्याला दिलं. विसारातले निम्मे पैसे परत केले. विसार बुडतोच, त्या मानानं माणूस भला. शांतादेवींच्या पाटल्या मात्र गेल्या. हे सगळं पवित्रानंच जोतीराम साहेबांना सांगितलं, पहिला हप्ता भरायला आली तेव्हा. होय, तीच भरायला लागली. साहेबांनी संचालकांपुढं शब्द टाकून दंडव्याज सोडवून घेतलं. उरलेलं तिनं बावीस महिने पगारातून कापून दिलं. दर महिन्याच्या सात तारखेला ती यायची आणि जाताना खिडकीतून माझ्याकडं एकदा बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्या घराआड दुसरं कुणी नाही, मीच उभा होतो.

दोन हजार आठच्या माघात कर्ज फिटलं. ज्यानं कर्ज फेडलं त्याच्या ताब्यात तारण द्यायचं म्हणून मी तिला मिळालो. ती टेम्पो घेऊन आली, बरोबर शालूबाई आणि शिवानंद आण्णा. दोरखंड बांधत होते तेवढ्यात फटफट आवाज करत मोटारसायकल आली.

राजशेखर उतरला आणि म्हणाला, "डंक माझ्या वाटणीचा हाय. आण्णांच्या स्टॅम्पवर लिवलंय."

मला वाटलं होतं, ह्या माणसाकडून जेवढं दुखायचं तेवढं दुखून झालं. नव्हतं. ज्या कागदाला त्यानं इतकी वर्षं भीक घातली नाही, त्याच कागदाची त्याला आता आठवण आली होती.

शालूबाई काहीतरी तोंडाला येईल ते बोलणार होती, पवित्रानं तिला हातानं थांबवलं. पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला आणि राजशेखरच्या हातात दिला.

"व्हय, लिवलंय," ती म्हणाली. "डंक तुमचाच. घेऊन जावा. फकस्त दुसरी ओळ मोठ्यानं वाचा आणि तेवढं हितंच द्या."

तो कागदाकडं बघत उभा राहिला. वाचलं नाही. शिवानंद आण्णांनीही वाचलं नाही, ते खाली बघत एवढंच म्हणाले, "चूक माझी बी हाय पोरी. मी लिवताना ह्या साहेबाला बोलवायला पायजे हुतं." राजशेखरनं कागद टेम्पोच्या फाळक्यावर ठेवला आणि गाडीला किक मारली.

आता मुरगूडला माझी मोटर पुन्हा बसणार, उखळं धुतली जाणार, शिमग्यानंतर रांग लागणार, असं मी मनात चित्र रंगवत होतो. टेम्पो मुरगूडच्या रस्त्याला वळलाच नाही. तो उद्यमनगरात आला, ह्या भंगारवाल्याच्या दारात.

खरं सांगतो, मला दगा झाल्यासारखं वाटलं. राजशेखरनं केलं ते त्याच्या पायरीनं केलं, पण हिनं? पाच वर्षं रोज माझी उखळं पुसणाऱ्या बाईनं मला किलोवर विकावं? शालूबाईनंही तेच विचारलं. "वैनी, एवढं फेडून सोडवून आणलासा आणि मोडीत घालतासा?"

"मी ह्याला न्हाय सोडवलं शालूबाई," पवित्रा म्हणाली. "मी मला सोडवलं. दुसरं घर बघितलंय, विसार द्यायचाय. आईच्या हातात आता पाटल्या न्हाईत."



काट्यावर चढवण्याआधी तिनं भंगारवाल्याकडून पत्र्याचा तुकडा मागून घेतला. माझ्यापुढं उकिडवी बसली आणि पिवळं 'सौ. पवित्रा' एकेक अक्षर करून स्वतः खरवडून काढलं. खालचं लोखंड चकाकेपर्यंत. मग पदरानं जागा पुसली, जशी पूर्वी उखळं पुसायची तशी. शेजारचं नाव तसंच ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी तेच नाव ज्ञानूनं पुसलं होतं तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता. आज होता, कारण जोतीराम साहेबांच्या सहीशिक्क्याचा ना-देय दाखला तिच्या पिशवीत होता.

मित्रांनो, माझ्या जातीची यंत्रं शेवटी तुमच्यापुढं हात जोडतात, आम्हाला तेल घाला, गंज चढू देऊ नका म्हणून. मी तसलं काही मागत नाही. उद्या-परवा मी भट्टीत जाईन आणि माझं दुसरं काहीतरी होईल, तव्याचं किंवा खिडकीच्या गजाचं. मागायचं ते एवढंच मागतो. कुणाबरोबर मिळून सही केलीत आणि पुढं वाटा वेगळ्या झाल्या, तर आपसात कागद करून घरी बसू नका. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्या दारात स्वतः जा, तुमचं नाव तिथून काढून घ्या आणि तसं लिहून आणा. माझ्या पोटावर हात ठेवून कुणी काहीही म्हणो. मी लोखंड आहे, मला साक्ष देता येत नाही.

भंगारवाल्यानं माझे चार हजार सातशे रुपये केले. पवित्रानं ते दोनदा मोजले आणि दाखल्याच्याच पाकिटात ठेवून दिले.